तबकडीत न मावलेला ताल



तलासरीकडच्या एका पाड्यावर, भाताची कापणी आटोपली असताना, रात्री तारप्याचा नाच पाहण्याचा योग मला आला. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेला आहे. काहींनी त्यात पावलेही टाकली असतील. तेव्हा त्याचे वर्णन करून आपला वेळ घेत नाही. सांगायचे आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचे. आमच्यातल्या एका तरुण मित्राने अर्धा तास नाच मोबाइलमध्ये मुद्रित करून घेतला होता. चहा घेताना त्याने तो मोठ्या हौसेने लावला. तारप्याचा तो अखंड, किंचित खरखरीत घुमणारा सूर जसाच्या तसा आला. पण त्याखेरीज दुसरे काही येईना. रात्री रांगेच्या टोकाचा माणूस घुंगरांची काठी जमिनीवर आपटत होता, त्या काठीचा कुठे पत्ता नव्हता. तीस-चाळीस अनवाणी पावले एकदम पडत होती आणि त्यांचा धप् असा आवाज आपल्या तळपायांना जाणवत होता, तोही नाहीसा झाला होता. नाच ज्याच्या आधारावर चालला होता, नेमके तेच गळून पडले होते.

तारप्याच्या नाचात ढोल नसतो, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्याच्या लवकर ध्यानात येत नाही. वाळक्या दुधीभोपळ्याची कोठी, तिला जोडलेल्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा आणि सांधे बुजवायला मेण, असे ते वाद्य. वादक गालांत हवा साठवून श्वास न तोडता ते वाजवतो. लयीचे काम काठी आणि पावले करतात. लग्नात मात्र ढोल लागतो, आणि गुजरातच्या बाजूला वळले की धोडिया लोकांची तूर आणि तिच्या जोडीची थाळी ऐकू येते. म्हणजे या पट्ट्यात ताल धरणारे हात पुष्कळ आहेत. मुद्रणात त्यांची अशी गळती का व्हावी, हा प्रश्न त्या सकाळपासून माझ्या डोक्यात घोळत राहिला. शोध घेता घेता मी थेट मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांपर्यंत येऊन पोचलो. तो प्रवास आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ तबकडीपासूनच करावा लागेल. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग नावाच्या मुद्रकाने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवून घेतले. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या धक्क्याने पातळ पडदा हलायचा आणि पडद्याला लावलेली सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची. सगळे काम निव्वळ श्वासाच्या जोरावर. अशा यंत्राला सेकंदाला सुमारे २५० पासून २५०० पर्यंत कंपनांचे आवाज बऱ्यापैकी पकडता येत. स्त्रीचा कंठ त्यात नेमका बसतो. डग्ग्याचा घुमार शंभर कंपनांच्या आसपास, म्हणजे यंत्राच्या कानाखालून निघून जाणारा. उलट कर्ण्याच्या तोंडाशी कोणी जोराचा ठोका दिला तर सुई उडे आणि चकती वाया जाई. यामुळे तालवाद्य दूर बसवण्याचीच पद्धत पडली. अमेरिकेतही तेच चालले होते. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या जॅझ वाद्यवृंदाचे मुद्रण झाले, तेव्हा बेबी डॉड्ससारख्या नामांकित ढोलवादकाला ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. आज त्या तबकड्या ऐकून कोणी म्हणेल की त्या काळचे वादक लाकडावरच ताल धरीत, तर तो मोबाइल ऐकून तारप्याच्या नाचात काठी नसते असे म्हणणाऱ्याच्या पंक्तीला बसेल.

गौहरजानच्या तबकडीच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. पुष्कळांना यात मिजास वाटते. कारण अगदी व्यवहारी होते: मेणाच्या चकत्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात, तिथे तबकड्या निघत, आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर कोणाचे नाव चिकटवायचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. गायिकेचे नाव राहिले ते असे. तबलजीचे नाव पुकारण्याची पद्धत नव्हती.

आपल्या मराठी रंगभूमीचेच उदाहरण घ्या. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते. मुनीर खाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेला, विसाव्या शतकातल्या थोरांत थोर गणला गेलेला हा तबलिया वर्षानुवर्षे नाटकाच्या पदांना साथ करीत होता. ज्यांनी ती रात्रीची नाटके ऐकली ते म्हातारे लोक गाण्याइतकेच साथीचेही सांगत. पण त्या काळच्या तबकड्या लावून पाहाव्या तर कंठ पुढे आणि ठेका कुठेतरी भिंतीपलीकडे, असेच ऐकू येते. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मिळणार, त्यात तबल्याला वाव तो किती? लेबलावर साथीदारांचे नाव छापण्याचीही चाल नव्हती. थिरकवाँसाहेबांचे भाग्य असे की पुढे त्यांचे स्वतंत्र वादनही मुद्रित झाले आणि १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. इतर कंपन्यांतल्या, इतर गावांतल्या तबलजींचे काय झाले, हे सांगायला तबकडी पुढे येत नाही.

१९२५ पासून विजेचे मुद्रण आले, चुंबकीय फीत आली आणि ताल हळूहळू पुढे सरकला. रॉक संगीत हे या नव्या सोयीचेच अपत्य म्हणायला हरकत नाही. कारण त्यात ढोल पाठीमागे बसत नाही. तो गाण्याचा कणा असतो. पायाने दाबायच्या काठीने वाजणारा मोठा ढोल म्हणजे आपल्या डग्ग्याच्या जागी; खाली तारा ताणलेला, कडक आवाजाचा लहान ढोल; आणि एकमेकींवर मिटणाऱ्या दोन झांजा. साध्या चारच्या चालीत मोठा ढोल पहिल्या-तिसऱ्या मात्रेला आणि लहान ढोल दुसऱ्या-चौथीला पडतो. कडवे संपून धुवपद येताना जो भरगच्च तुकडा घेतात तो आपल्याकडच्या उठाणाचा भाऊबंद समजावा.

मुंबईत १९८४ साली रॉक मशीन या नावाने एक वाद्यवृंद उभा राहिला. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड', १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' अशा त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९९३ मध्ये त्यांनी इंडस क्रीड असे नवे नाव घेतले, १९९५ मध्ये त्या नावाची ध्वनिमुद्रिका काढली, मग मंडळी पांगली आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आली. २०१२ ची 'इव्हॉल्व्ह' ही त्या पुनर्मीलनाची ध्वनिमुद्रिका. उदय बेनेगल यांचा कंठ, महेश तिनईकरांची गिटार आणि झुबीन बालापोरिया यांची पेटीवजा वाद्ये या साऱ्या वाटचालीत कायम दिसतात. ढोलावरची माणसे मात्र बदलत गेली: रॉक मशीनच्या दिवसांत मार्क मेनेझेस, इंडस क्रीडच्या पहिल्या पर्वात बॉबी दुग्गल, पुनर्मीलनानंतर जय राव कवी.

असा जुना वाद्यवृंद पंचवीस वर्षांनी आपलीच गाणी पुन्हा वाजवायला बसतो, तेव्हा अडचण कुठे येते? गायकाला आपले गाणे पाठ असते. गिटारवाल्याची बोटे आपोआप चालतात. नव्या ढोलवादकाला मात्र दुसऱ्याच्या हाताचे गाणे मिळालेले असते. तो जुनी ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकतो. अमुक तुकडा जसाच्या तसा घ्यावा, की आपला घ्यावा? तसाच घेतला तर नक्कल. बदलला तर पुढे उभा असलेला जुना श्रोता चमकतो, कारण तो तुकडा त्याच्याही अंगात भिनलेला असतो. आणि तुकडा तसाच घेतला तरी ठोका मात्रेवर नेमका पडतो की केसभर मागे, यावर गाण्याची चाल सगळी बदलते. सेकंदाचा शंभरावा हिस्सा, पण पावलांना तो समजतो. पाड्यावर काठीवाला बदलला की नाचाची ढब बदलते, असा माझाही अनुभव आहे.

ढोलावर कोण होते या प्रश्नाने जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चौकडीलाही सोडलेले नाही. बीटल्सचे 'लव्ह मी डू' हे पहिले गाणे १९६२ साली लंडनमध्ये तीनदा तीन ढोलवादकांबरोबर मुद्रित झाले. ६ जूनला पीट बेस्ट होता. ऑगस्टमध्ये त्याला काढले आणि ४ सप्टेंबरला रिंगो स्टार बसला. त्याचेही वादन मुद्रकांच्या पसंतीस उतरले नाही म्हणून ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट नावाचा रोजाने येणारा वादक आणला आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली. ऑक्टोबरात निघालेल्या पहिल्या तबकडीवर रिंगोचा ढोल होता. १९६३ च्या मोठ्या तबकडीवर व्हाइटचा. ओळखावे कसे? खंजिरी ऐकू आली तर ढोल व्हाइटचा. रिंगोच्या ढोलाची मूळ फीत राहिली नाही. पुढे ते मुद्रण एका जुन्या तबकडीवरूनच उतरवून घ्यावे लागले. आणि पीट बेस्टचे वादन १९९५ मध्ये, जुने मुद्रण धुंडाळून काढलेल्या संग्रहात, प्रथम लोकांपुढे आले. तेहतीस वर्षांनी त्याला त्याचे नाव आणि पैसे मिळाले.

आता यंत्रांनी आणखी एक पाऊल टाकले आहे. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या ध्वनिमुद्रिकेत फितीवर जागा अपुरी म्हणून ढोल, मंद्र गिटार आणि साधी गिटार एकाच पट्टीवर मुद्रित केली होती. एकदा कालवलेला दहीभात पुन्हा दही आणि भात असा वेगळा करावा, इतके ते अशक्य मानले जाई. पीटर जॅक्सन यांच्या मंडळींनी २०२१ च्या बीटल्सवरील चित्रपटासाठी संगणकाला हे वेगळे करायला शिकवले, आणि २०२२ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव गाइल्स यांनी त्याच रीतीने 'रिव्हॉल्व्हर' पुन्हा मिसळून काढली. रिंगोचा ढोल साठ वर्षांच्या गर्दीतून एकटा बाहेर येऊन उभा राहिला.

हे ऐकून आमचा तो मोबाइलवाला मित्र म्हणाला, "मग माझ्या मुद्रणातूनही काठी काढता येईल की!" त्याला नाही म्हणावे लागले. कारण दोन. संगणकाला आधी ढोल म्हणजे काय हे असंख्य नमुने ऐकवून शिकवावे लागते, आणि घुंगरांच्या काठीचे नमुने कोणी गोळा केले आहेत? दुसरे कारण अधिक कठीण. जे मुद्रणात आलेच नाही ते कोणतेही यंत्र बाहेर काढू शकत नाही. मोबाइल मूळचा बोलण्यासाठी केलेला. सतत चालणारा सूर तो धरतो, मधूनच येणारा जोराचा ठोका दाबतो आणि पावलांचा खोल आवाज गोंगाट समजून पुष्कळदा गाळून टाकतो. त्याचा लहानसा भोंगा तर तसला खोल आवाज वाजवूच शकत नाही. गाइसबर्गच्या कर्ण्याचीच ही नातवंडे.

म्हणून ही गोष्ट डहाणूत आणि तलासरीत आजच करण्याजोगी आहे. वारली चित्राला नाव लाभले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तारप्यालाही मान मिळाला; जव्हार तालुक्यातले वयोवृद्ध वादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. काठीवाले आणि ढोलवाले कोण, हे मात्र अजून पाड्याबाहेर कोणी विचारत नाही. कार्यक्रमासाठी पथक बोलावले की पाकीट तारपेवाल्याच्या हाती पडते, वर्तमानपत्रात छायाचित्र त्याचे येते, आणि काठीवाला "व सहकारी" या दोन शब्दांत जातो.

मुद्रण करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. एका यंत्रावर भागवू नये. तारपेवाला फिरत असतो, म्हणून एक लहान मुद्रणयंत्र, त्याची परवानगी घेऊन, त्याच्या अंगावरच लावावे. दुसरे वर्तुळाच्या आत, जमिनीलगत, काठी जिथून पुढे सरकते त्या वाटेच्या आतल्या बाजूला ठेवावे. माती अंगणात सारवलेली असेल तर पावलांचा आवाज उत्तम येतो. यंत्रात आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय असते, ती बंद करावी. काठीवाल्याला नाच संपल्यावर एकट्याने पाच मिनिटे वाजवायला सांगावे, लग्नातल्या ढोलवाल्यालाही तसेच. दोन्ही मुद्रणे न मिसळता वेगवेगळी जपून ठेवावीत. आणि यंत्र बंद करण्यापूर्वी, गौहरजानने केले तसे, गाव, पाडा, तारीख आणि प्रत्येकाचे नाव ज्याचे त्याला मोठ्याने सांगू द्यावे. आधी काठीवाल्याला विचारावे. तो बहुधा लाजून मागे सरकतो.