शिशाची गोळी, तांब्याची गोळी आणि गिधाडे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परवाना काढून शिकार करता येते. तिथले कित्येक शिकारी आणि शेतकरी रायफलीची काडतुसे घरीच भरतात. झाडलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची, वर गोळी बसवायची. ही गोळी वर्षानुवर्षे शिशाची, वर तांब्याचे पातळ वेष्टन.

अशी गोळी हाडावर आपटली की शिशाच्या बारीक ठिकऱ्या उडतात. शिकारी मांस घेऊन जातो, कोथळा रानातच पडतो. तो खायला येते काँडॉर हे तिकडचे भलेमोठे गिधाड. एवढीशी ठिकरी पोटात गेली तरी शिसे रक्तात भिनते. १९८२ साली जगात अवघे २२ काँडॉर उरले होते. १९८७ पर्यंत रानातले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले. १९९२ पासून ते पुन्हा सोडले, तरी शिसे त्यांना मारीतच राहिले. अखेर २०१३ साली कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली.

सबंध तांब्याची गोळी सहसा फुटत नाही. तिचे तोंड पाकळ्यांसारखे उघडते. पण ती महाग पडते आणि भरायची रीतही निराळी. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती पुंगळीत खोल बसली की दारूची जागा आक्रसते आणि दाब वाढतो. जुन्याच मापाने दारू भरली तर बंदूक फुटून जिवावर बेतते. म्हणून जाणकार त्याच गोळीचा छापील तक्ता पाहून कमी दारूपासून सुरुवात करतात.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनविणे गुन्हा आहे. मग ही गोष्ट आपल्याला कशाला? कारण आपली गिधाडेही मेलेल्या ढोरातल्या विषानेच गेली. ते विष म्हणजे डायक्लोफिनॅक. जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅकवरही आली. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्झिकॅम बाजारात मिळते. जनावराला सूज-दुखीचे इंजेक्शन देताना डॉक्टरांकडे त्याचीच मागणी करावी. कोणते औषध दिले हे ठाऊक नसेल, तर मेलेले ढोर उघड्यावर न टाकता पुरावे. त्यासाठीची जागा ग्रामपंचायतीने नेमून द्यावी.

तिकडे गोळी बदलली, इकडे सुई बदलायची. ढोर टाकणाऱ्याच्या हातात गिधाडाचा जीव असतो.