सरासरी वाढली, पण कुणाची?

गोव्यातल्या पेडणे तालुक्याची लोकसंख्या 2001 साली 71,999 होती, 2011 साली 75,747 झाली. दहा वर्षांत जेमतेम पाच टक्के. गोव्याची वाढ आठ टक्क्यांच्या वर. यावरून इथे फारसं काही घडलं नाही असं वाटेल. पण जनगणना डोकी मोजते, उत्पन्न विचारत नाही, आणि कोण गेलं, कोण आलं हे बेरजेत बुडून जातं. 2011च्याच जनगणनेत गोव्यात नोंदलेल्या घरांपैकी सुमारे पाचवा हिस्सा रिकामा होता. पेडण्यातल्या तेरेखोल, केरी, हरमल, मांद्रे या पट्ट्यात एखादा तरुण कामासाठी बाहेर गेला आणि शेजारी शहरातल्या बड्या पगारदाराने बिऱ्हाड केलं, तर गावाच्या उत्पन्नाची सरासरी वर चढते. जुन्या रहिवाशाच्या खिशात दमडीही पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, जमिनीचे भाव वाढले, जानेवारी 2023पासून तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली, फायदा स्थानिकांचाच ना? काहींचा नक्कीच: टॅक्सीवाल्यांचा, खोल्या भाड्याने देणाऱ्यांचा. मात्र भाववाढ मालकाला मिळते. कुळांना 1964च्या आणि मुंडकारांना, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, 1975च्या कायद्याचं संरक्षण आहे, तरी हक्क नावावर चढेपर्यंत वाढलेला भाव दुसऱ्याचाच. शिवाय विकलेल्या जमिनीचे पैसे एकदाच येतात; त्यांना उत्पन्न म्हणणं ही सोयीची गल्लत आहे. खरी तुलना करायची तर दहा वर्षांच्या अंतराने तेच कुटुंब पाहावं लागेल, तेच गाव नव्हे. गाव सोडून गेलेली कुटुंबंही त्यात धरावी लागतील.