नवा हेडसेट घ्यावा काय?



घरातील एखादी वस्तू जुनी झाली, हे बहुधा ती वस्तू स्वतः सांगत नाही. दुसऱ्याच्या घरी तिची नवी आवृत्ती येते, आणि मग कालपर्यंत निमूटपणे काम करणारी आपली वस्तू एकाएकी निरुपयोगी वाटू लागते. ग्रामोफोन, रेडिओ, दूरचित्रवाणी, मोबाईल या सर्वांच्या बाबतीत आपण हा अनुभव घेतला आहे. आता त्या मालिकेत आभासी वास्तव दाखविणाऱ्या हेडसेटची भर पडली आहे. जवळ आहे तो हेडसेट ठेवावा की नवा घ्यावा, हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा असेल त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे. तो आमच्याच घरी, अंबाजोगाईस, उपस्थित झाला. म्हणून तेथूनच आरंभ करतो.

आमच्या मातोश्रींचे वय ब्याऐंशी. मुकुंदराजांच्या समाधीस जाणे हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. ज्यांनी अंबाजोगाई पाहिली नाही त्यांना सांगावयास हवे, की 'विवेकसिंधू'कर्त्या मुकुंदराजांचे हे स्थान गावाबाहेर, बालाघाटाच्या डोंगरात, दरीच्या कुशीत आहे आणि तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून मातोश्रींचे जाणे बंद झाले. पुण्यास असणाऱ्या माझ्या पुतण्याने तो मार्ग, ती दरी, तसेच हत्तीखान्यातील दगडी हत्ती चहूंकडचे दृश्य एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रित करून आणले आणि आपला वापरातील हेडसेट आजीच्या मस्तकी चढविला. मातोश्रींनी मान वळवून दरी पाहिली, वर पाहिले तो आकाश दिसले, आणि समोर समाधी येताच त्यांचे हात आपोआप जुळले. पुढे हा त्यांचा एकादशीचा नेमच होऊन बसला.

वर्ष लोटले. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अरे, सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतंय रे!" पुतण्याचे निदान तयारच होते. "काका, हेडसेट जुना झालाय. नवा घेऊन टाकू." खर्च मातोश्रींच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून व्हावयाचा होता, म्हणून मी विचारास थोडा अवधी मागून घेतला.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सव्वासहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे एकच वस्तू प्रत्येक डोळ्याला किंचित निराळी दिसते, आणि या दोन चित्रांतील फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दोन सपाट चित्रांवरून खोलीचा भास घडविणारे यंत्र लोकांपुढे मांडले. त्याच तत्त्वावरच्या जोडचित्रांतून हिंदुस्थानची सफर घडविणारे जेम्स रिकाल्टन यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे घरबसल्या प्रवासाची ही हौस काही आजची नव्हे. आजच्या हेडसेटने त्यात एका गोष्टीची भर घातली: मान वळविताच चित्रही त्या बाजूस वळते. हे काम सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात उरकावे लागते. त्यास विलंब झाला, तर कान सांगतो 'मान वळली' व डोळा सांगतो 'नाही वळली', आणि या वादात माणसाला मळमळू लागते.

आता नव्या-जुन्याच्या निवडीकडे वळू. या बाबतीत आपल्याच प्रांतातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेवर हातांनी रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडून ते कथा सांगत. चारच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ अवतरला. पटवर्धनांचे खेळ त्यानंतरही चालूच राहिले, कारण त्यांना पौराणिक कथा रंगीत चित्रांतून सांगावयाच्या होत्या, आणि ते काम काचा व दिवे करीत होते. उलट, मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी ते नवे यंत्र पाहून विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. कुस्तीतील हालचाल जुन्या कॅमेऱ्याने कधीच टिपता आली नसती. एकाने जुने चालू ठेवले, दुसऱ्याने नवे घेतले, आणि माझ्या मते दोघांचेही बरोबर होते. कारण दोघांनाही आपले काम कोणते ते नेमके ठाऊक होते.

आमच्या घरचे काम होते मातोश्रींचे धुके घालविण्याचे. विचार करता माझ्या ध्यानी आले, की हे धुके तीन ठिकाणी असू शकते: चित्रात, यंत्रात किंवा डोळ्यांत. नवा हेडसेट यांपैकी फक्त मधल्या ठिकाणचे धुके दूर करू शकतो.

आधी चित्र घेऊ. हेडसेटमधील प्रत्येक दृश्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. दृष्टीच्या एका अंशात असे किती ठिपके बसतात, यावर स्पष्टता अवलंबून असते. निरोगी डोळ्याला एका अंशात सुमारे साठ ठिपके वेगळे ओळखता येतात. आमच्याकडील हेडसेट २०२० साली आलेला क्वेस्ट २. तो एका अंशात सुमारे २० ठिपके दाखवितो. २०२३ साली आलेला क्वेस्ट ३ सुमारे २५ दाखवितो. सुधारणा खरी, यात शंका नाही. परंतु पुतण्याच्या कॅमेऱ्याने चित्रित केलेले दृश्य होते केवढे? संपूर्ण वर्तुळाच्या घेरात ५,७६० ठिपके. वर्तुळाचे अंश ३६०. भागाकार करा: एका अंशाला अवघे १६ ठिपके! म्हणजे जुना हेडसेटसुद्धा चित्रात आहे त्यापेक्षा अधिक दाखविण्यास समर्थ होता. ज्याला सर्वसाधारणपणे फोर-के म्हणतात, ते चित्रण असते तर भागाकार अकराच्याही आत आला असता. आणखी असे, की हा कॅमेरा दोन्ही डोळ्यांसाठी एकच चित्र घेतो. म्हणून दूरची दरी ठीक दिसते, पण जवळचे दगडी हत्ती भिंतीवर रंगविल्यासारखे सपाट वाटतात. तीही उणीव नवा हेडसेट भरून काढणार नाही. पोहऱ्यात नाही ते घागरीत कोठून येणार?

आता यंत्र. क्वेस्ट २ मधील भिंगे फ्रेनेल जातीची आहेत. दीपगृहांसाठी योजिलेल्या भिंगाप्रमाणे त्यांवर वर्तुळाकार कडा असतात, आणि काळोख्या दृश्यातील उजळ वस्तूभोवती त्यामुळे प्रकाश फाकतो. क्वेस्ट ३ मधील भिंगे निराळी, चपटी असून कडेपर्यंत अधिक स्वच्छ दाखवितात. मात्र २०२४ साली निघालेल्या क्वेस्ट ३एस या स्वस्त आवृत्तीत पुन्हा फ्रेनेल भिंगेच आहेत व ठिपक्यांचे प्रमाणही क्वेस्ट २ इतकेच आहे. वेग मात्र वाढला आहे. 'नवा' या एका शब्दात किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, हे यावरून दिसेल. वजन म्हणाल, तर क्वेस्ट २ चे सुमारे ५०३ ग्रॅम व क्वेस्ट ३ चे ५१५ ग्रॅम. म्हणजे म्हाताऱ्या मानेला नव्याने काही उतार पडत नाही. त्यापेक्षा मस्तकाचा पट्टा चांगला बदलून घ्यावा.

शिवाय यंत्राला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. भिंगे कोरड्या मऊ फडक्याने पुसलेली आहेत काय? आणि दोन भिंगांतील अंतर वापरणाऱ्याच्या डोळ्यांशी जुळते काय? क्वेस्ट २ मध्ये ते ५८, ६३ व ६८ मिलिमीटर अशा तीन ठिकाणी ठेवता येते. आमचा हेडसेट पुतण्याच्या डोळ्यांप्रमाणे शेवटच्या खुणेवर होता. मातोश्रींना मधली खूण हवी होती. आणखी एक सूचना मराठवाड्यातील श्रोत्यांस विशेष: ही भिंगे कधीही उन्हाकडे तोंड करून ठेवू नयेत. भिंगातून एकवटलेले ऊन आतील पडदा जाळून टाकते.

राहिला डोळा. येथे आमची चूक मजेशीर होती. यंत्र डोळ्यांना चिकटलेले, म्हणून आम्ही मातोश्रींना त्यांचा वाचनाचा चष्मा घालून बसवीत असू. वस्तुतः भिंगांमुळे आतील चित्र डोळ्याच्या दृष्टीने सुमारे सव्वा ते दोन मीटर दूर असते, आणि वाचनाचा चष्मा तर हातातील पोथीच्या अंतरासाठी केलेला! तो काढताच चित्र बरेच सुधारले. तरीही धुके पुरते जाईना. तेव्हा एक साधी परीक्षा केली. हेडसेट चालू करताच जी अक्षरे दिसतात ती यंत्र स्वतः रेखाटते. चित्रणाच्या गुणदोषांशी त्यांचा संबंध नसतो. ती सर्वांनाच पुसट दिसली तर दोष यंत्रात. सर्वांना स्पष्ट दिसून चित्र तेवढे पुसट असेल तर दोष चित्रात. आणि अक्षरे इतरांना स्पष्ट व एकालाच पुसट दिसली तर दोष त्याच्या डोळ्यांत किंवा चष्म्यात. मातोश्रींनी उजव्या डोळ्याने अक्षरे वाचली. तो डोळा मिटून डाव्याने वाचण्यास सांगितले, तेव्हा त्या गप्प राहिल्या.

नेत्रवैद्यांनी पाहून सांगितले: डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. हेडसेट हे काही डोळे तपासण्याचे साधन नव्हे; परंतु आम्ही घाईने नवा घेतला असता, तर मोतीबिंदू आणखी काही महिने तसाच राहिला असता आणि शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली रक्कम हेडसेटवर खर्च झाली असती, एवढे मात्र खरे.

याचा अर्थ नवे यंत्र कधीच घेऊ नये असा नव्हे. आमची धाकटी कन्या वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात आहे. हृदयाची प्रतिकृती हेडसेटमध्ये उलटून पाहताना तिला बारीक नावे वाचावी लागतात. ही प्रतिकृती यंत्र त्या क्षणी स्वतः रेखाटते. म्हणून तेथे २० ठिपके व २५ ठिपके यांतील अंतर प्रत्यक्षात उतरते. एक मीटरवरचे अक्षर, त्याच्या उंचीत दहा ठिपके मावतील असे काढावयाचे, तर जुन्यात ते सुमारे नऊ मिलिमीटरांचे व नव्यात सातांचे काढता येते. शिवाय क्वेस्ट ३ मधून समोरचे मेज व वही रंगांत दिसते. क्वेस्ट २ मधून ती करड्या छटांतच दिसते. तिच्या कामासाठी नव्याची बाजू भक्कम आहे, हे मी मान्य केले.

जुन्याचे आयुष्य संपते हेही खरे. २०१९ च्या पहिल्या क्वेस्टला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२४ पर्यंतच मिळतील, असे त्याच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये जाहीर केले होते. दुरुस्त्या थांबलेले यंत्र घरच्या जाळ्याला जोडून ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि आपल्याला लागणारी योजना जुन्यावर चालेनाशी झाली म्हणजे निर्णय आपोआपच होतो. तोवर मात्र विकत घेण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे: माझे कोणते काम अडले आहे? ते कोठे अडले आहे? आणि ज्या नव्या यंत्राकडे मी पाहतो आहे, ते नेमका तोच अडसर दूर करते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानात ऐकून नव्हे, तर कोणाचा तरी हेडसेट तासभर मागून आणून आपल्याच कामावर पडताळून घ्यावे.

आमच्या घरी असे ठरले: पहिला खर्च डोळ्याचा, दुसरा, अधिक ठिपके टिपणारा कॅमेरा भाड्याने आणून दरीचे चित्रण पुन्हा करण्याचा, आणि कन्येचा हेडसेट तिची परीक्षा झाल्यावर. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढे नेत्रवैद्यांनी परवानगी दिल्यावर, एका एकादशीस मातोश्रींनी तोच जुना हेडसेट लावला. आम्ही सारे उत्सुकतेने उभे होतो. त्यांनी दरी पाहिली, समाधी पाहिली, हात जोडले, आणि हेडसेट उतरवून नातवाला म्हणाल्या, "अक्षरं लख्ख दिसतात. पण बाळा, तुझं चित्रच जरा धुकट आहे रे."

पुतण्याने त्याच आठवड्यात कॅमेऱ्याची चौकशी केली.