दोरी, बोटं आणि थोडं मेकॅनिक्स

हॉस्टेलचं पाणी गेलं की आपण सगळे खालच्या टाकीवरून बादल्या भरून आणतो. बादलीची कडी बारीक तारेची असेल आणि तिच्यावरची प्लॅस्टिकची नळी निघून गेली असेल, तर दुसऱ्या मजल्यापर्यंत बोटांचे काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको. मग आपण काय करतो? कडीभोवती रुमाल गुंडाळतो. वजन तेवढंच राहतं, पण बोटं वाचतात. मित्रांनो, हा रुमाल लक्षात ठेवा. धनुष्यबाण वापरणाऱ्या माणसाने शेकडो वर्षांपूर्वी हीच युक्ती शोधून काढली होती.

मागच्या वर्षी सुट्टीत मी पारंपरिक तिरंदाजी शिकायला लागले. पारंपरिक म्हणजे नेम धरायला साईट नाही, पुली नाही, दोरी सोडायचं यंत्र नाही. फक्त लाकडी धनुष्य, दोरी आणि आपली बोटं. ‘उघड्या बोटांनीच ओढ, घट्टे पडले की सवय होते,’ असं कोणीतरी म्हणालं आणि मी ते वेदवाक्य मानलं. चौथ्या दिवशी फोड आले. दहाव्या दिवशी मधल्या बोटाचं टोक बधिर झालं आणि पुढचे तीन आठवडे तसंच राहिलं. जर्नल लिहिताना पेन बोटाला टेकलंय की नाही तेच कळेना! डॉक्टरांनी सांगितलं, की बोटाच्या दोन्ही कडांनी बारीक नसा जातात आणि सततच्या दाबाने त्या दुखावतात. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हा सहनशक्तीचा प्रश्नच नव्हता, हा तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचा प्रश्न होता.

चला, हिशोब करू. समजा धनुष्य 40 पौंडांचं आहे. म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर साधारण 18 किलोचा, म्हणजे 178 न्यूटनचा जोर येतो. दोरीची जाडी 3 मिमी धरा आणि तीन बोटांची मिळून रुंदी 54 मिमी. क्षेत्रफळ झालं 162 चौरस मिमी. भागाकार करा: दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 11 किलो! मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हे सुमारे पाचपट आहे. आता मध्ये चामड्याचा तुकडा घाला. त्यामुळे जोर 3 मिमीऐवजी 9 मिमी रुंदीच्या पट्ट्यावर पसरला, तर दाब एक तृतीयांश होतो. हाच तो आपला रुमाल. तिरंदाज त्याला टॅब म्हणतात. काही जण त्याऐवजी तीन बोटांचा चामडी हातमोजा घालतात.

दुसरा मुद्दा दोरी बोटावर नेमकी कुठे धरायची हा. नवशिक्या माणूस ती अगदी टोकाला धरतो. त्याला वाटतं, सोडायला सोपं जाईल. पण मोमेंट आठवा! मधल्या बोटावर 80 न्यूटन आले आणि दोरी पहिल्या सांध्यापासून 10 मिमी पुढे असली, तर 800 न्यूटन-मिलिमीटरचा मोमेंट बोट उलगडायला बघतो. तो अडवायला कोपरापर्यंतचे स्नायू ताणून धरावे लागतात. तीच दोरी पहिल्या सांध्याच्या घडीत ठेवली तर त्या सांध्यावरचा मोमेंट जवळजवळ शून्य होतो. बोटांचा नुसता हूक होतो आणि मनगट व हाताची पाठ सैल राहते. जड पिशवी आपण टोकाने धरत नाही, घडीत अडकवतो, तसंच. आणि सोडताना बोटं झटक्याने उघडायची नसतात. फक्त सैल करायची, दोरी स्वतःच त्यांना बाजूला सारून निघून जाते. बोट दुखत असलं की मात्र हात घाबरतो, दोरी आधीच सुटते किंवा ओरबाडली जाते, आणि बाण भलतीकडेच जातो.

तिसरा मुद्दा धनुष्याच्या लांबीचा. आखूड धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन टोकदार होतो आणि वरचं-खालचं बोट मधल्या बोटावर चिमटलं जातं. घोड्यावरून लढणाऱ्यांना तर धनुष्य आखूडच लागतं. मग मध्य आशियातल्या लोकांनी पकडच बदलली. तीन बोटांऐवजी एकट्या अंगठ्याने दोरी ओढायची आणि तर्जनीने अंगठ्याला कुलूप घालायचं. चिमटा बसायला शेजारी दुसरं बोटच नाही! पण सगळा भार एका अंगठ्यावर आला, म्हणून त्यावर हाड, शिंग, धातू किंवा जेड दगडाची अंगठी आली. फारसीत तिला झिहगीर म्हणतात, म्हणजे दोरी पकडणारी. मोगल बादशहांच्या अशा अंगठ्या आज म्युझियममध्ये शोभेच्या वाटतात, पण मुळात ते अवजार आहे. जपानचं धनुष्य मात्र 2 मीटरहून लांब असूनही अंगठ्यानेच ओढतात, त्यासाठी त्यांच्याकडे कडक अंगठ्याचा खास हातमोजा असतो.

इंग्लंडमध्ये तीन बोटांची पद्धत. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोज’ जहाजावरची बरीच धनुष्यं 100 पौंडांच्या वरची होती असा अंदाज आहे. त्याच 1545 साली रॉजर ॲस्कमचं ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचं पुस्तक निघालं. त्यात तो हातमोज्याचं कारण सरळ सांगतो: बोटांना इजा झाली नाही तरच माणूस पूर्ण ताकद लावू शकतो. आपल्याकडेही रामायण-महाभारतात ‘अंगुलित्राण’ हा शब्द येतो. राम-लक्ष्मणाला ते घालायला लाज वाटली नाही, मग मला का वाटावी?

आता एकलव्याची गोष्ट पुन्हा वाचा. आदिपर्वात म्हटलंय, की अंगठा दिल्यानंतर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीचा वेग राहिला नाही. म्हणजे त्याची पकड अंगठ्याची असावी आणि ती त्याला मुळापासून बदलावी लागली. लहानपणी ही गोष्ट गुरुभक्तीची म्हणून ऐकली होती. बोट बधिर झाल्यावर ती वाचली तेव्हा पहिल्यांदा कळलं, की त्याच्याकडून नक्की काय मागून घेतलं होतं.

असो. कोणी तिरंदाजी सुरू करणार असाल तर एवढंच: 20-25 पौंडांच्या धनुष्यापासून सुरुवात करा, पहिल्या दिवसापासून टॅब किंवा हातमोजा वापरा, दोरी घडीत धरा. बोट थोडं लाल झालं आणि थोड्या वेळात गेलं, तर चालेल. मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशीही बधिर वाटलं तर धनुष्य ठेवून सरळ डॉक्टर गाठा. मी आता पुन्हा शिकतेय, चामड्याचा तुकडा बोटांवर चढवून. घट्टे अजून पडलेले नाहीत, बाण मात्र बोर्डावर लागायला लागलेत!