वावरात जन्मलेली थंडी

पोरांनो, दिवाळी सरली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सकाळी उठून आधी धूर पाहायचा. चुली पेटलेल्या असतात, कुणी अंगणात शेकोटी केलेली असते. धूर दोन-चार पुरुष उंच चढतो आणि एकाएकी थांबतो. वर जायचं सोडून आडवा पसरतो. गावावर निळसर पट्टा तरंगत राहतो; घरांची छपरं त्याच्या खाली, कडुलिंबाचे शेंडे त्याच्या वर. नऊ-दहाचं ऊन आलं की पट्टा मोडतो आणि त्याच चुलीचा धूर सरळ आभाळात जातो.

“आबाजी, सकाळी धूर वर काऊन जात नाही?” धाकटीनं विचारलं.

“हिवानं जड होते,” मोठा म्हणाला.

मोठ्याचं उत्तर अर्धं खरं आहे. भोवतालच्या हवेपेक्षा गरम आणि हलका असतो, तोवरच धूर चढतो. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची गार, त्यामुळे त्याला वाट मोकळी असते. कार्तिकातल्या पहाटे हा क्रम उलटतो. सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटलेली आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर. धूर चढता चढता निवतो, त्या थराशी पोचतो आणि तिथल्या हवेपेक्षा हलका उरत नाही. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

ही विपरीतता कानांनाही कळते. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी आपली शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. थंडीत दिवस मावळल्यावर तिची शिट्टी वाजली, तर रुळांपासून कोसभर दूरच्या वावरातही ती बांधावरून आल्यासारखी ऐकू यायची. उन्हाळ्याच्या भर दुपारी तीच शिट्टी अर्ध्या वाटेत हरवायची. आवाज गरम हवेत जरा वेगानं जातो. वरची हवा गरम असली की आवाजाच्या लाटेचा वरचा भाग पुढे पळतो, लाट खाली वाकते आणि वर निसटू पाहणारा आवाज पुन्हा जमिनीकडे येतो. दुपारी लाट आभाळाकडे वळते. शकुंतला आता बंद आहे, पण काकडआरतीचे टाळ ऐका. शेजारच्या गावातली आरती पहाटे शब्दन्‌शब्द कळते आणि दुपारचं भजन मात्र ऐकू येत नाही, ते यामुळेच.

मग ही गार हवा येते कुठून? ओट्यावर बसणारी जुनी माणसं सांगतात, उत्तरेतून. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीच्या लाटेबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या साध्या, शांत रात्रीची थंडी बरीचशी आपल्याच वावरात तयार होते, आणि मला यातच खरी नवलाई वाटते.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून विदर्भातून माघार घेतो. पश्चिमेचा ओला वारा थांबतो, उगवतीकडचा कोरडा वारा सुरू होतो. ढग जातात, हवेतली वाफ कमी होते. जमीन तर बाराही महिने, दिवसा आणि रात्रीही, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून उष्णता बाहेर टाकत असते. पावसाळ्यात ढग ही उष्णता शोषतात आणि त्यातली बरीच खाली परत पाठवतात, म्हणून श्रावणात दुपारच्या आणि पहाटेच्या पाऱ्यात फार अंतर नसतं. कार्तिकात तिला अडवणारं फारसं कुणी नसतं. दुपारी तीसच्या आसपास असलेला पारा पहाटे पंधरा-सोळावर उतरतो. आधी जमीन निवते, मग तिला टेकलेली हवा. सूर्य उगवला तरी हा व्यवहार लगेच थांबत नाही. कोवळं ऊन जेवढं देतं त्याहून जमीन थोडा वेळ जास्तच गमावत असते. म्हणून रात्रीतली सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, ती असते उजाडल्यानंतरची. या दिवसांत आपल्याकडे सूर्य साधारण सहा-वीसला उगवतो. त्यानंतर जरा वेळानं अंगणात उभं राहा, पटेल.

आपल्या जमिनीचा काळेपणा दिवसा, ऊन शोषायला कामाचा. रात्रीच्या त्या न दिसणाऱ्या किरणांच्या बाबतीत मात्र काळी माती आणि पांढरा कापूस जवळजवळ सारखेच. उलट कापसाचं बोंड मातीपेक्षा लवकर निवतं, कारण मातीला खालून ऊब येत राहते आणि बोंड हवेत लटकलेलं असतं.

यावरून लंडनच्या एका डॉक्टरची गोष्ट सांगतो. विल्यम चार्ल्स वेल्स त्यांचं नाव. दव आभाळातून पडतं असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. वेल्स रात्री बागेत लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवायचे आणि नंतर पुन्हा तोलायचे. एक पुंजका फळीच्या वर, एक फळीच्या खाली. वरचा भरपूर भिजायचा, खालचा थोडासा. मग त्यांनी एक पुंजका गवतावर उभ्या केलेल्या, वरून उघड्या मातीच्या नळकांड्यात ठेवला. दव पावसासारखं सरळ खाली पडत असतं, तर याला आपला पूर्ण वाटा मिळायला हवा होता. पण त्यालाही कमीच दव मिळालं. म्हणजे ज्या वस्तूला आभाळ जास्त दिसतं, ती जास्त निवते, आणि तिच्याभोवतीच्या हवेतली वाफ तिच्यावरच पाणी होऊन बसते. १८१४ मध्ये वेल्स यांनी दवावरचा आपला निबंध छापला. त्यात आपल्या देशाचाही दाखला आहे. अलाहाबादकडे लोक वाळलेल्या धांड्यांच्या थरावर उथळ मातीची ताटली ठेवून हिवाळ्याच्या रात्री बर्फ करायचे, तेही हवा गोठणबिंदूच्या वर असताना. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजानं १७७५ मध्ये ते लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडे लोकर नसली तरी घरोघर कापूस आहे. सरकी काढलेल्या मूठभर कापसाचे सारख्या वजनाचे तीन बोळे करून घ्या. एक खाटेवर उघड्या आभाळाखाली ठेवा, एक त्याच खाटेच्या खाली, एक दाट आंब्याखाली. सकाळी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. ढगाळ रात्री तिन्ही बोळ्यांत फारसा फरक दिसणार नाही. निरभ्र रात्री खाटेवरचा बोळा हाताला ओला लागेल.

आणि हा नुसता खेळ नाही. वेचणीला आलेल्या बाया दव उडेपर्यंत धुऱ्यावर का थांबतात, ते यातून कळतं. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर पूर्ण हमीभावासाठी आठ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. सकाळी आठला वेचायचं की दहाला, हा पैशाचा प्रश्न आहे.

थंड हवा जड असते, हे लक्षात ठेवा. रात्री ती उतारावरून दंडातल्या पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. यवतमाळ शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. पूर्वेला वर्धेचं आणि दक्षिणेला पैनगंगेचं खोरं बरंच खाली. शांत रात्री टेकाडावरच्या वावरापेक्षा नाल्याकाठचं वावर जास्त गार असतं, आणि धुई आधी तिथंच धरते. तूर फुलोऱ्यात असताना धुई पडली की फूल गळतं, असं शेतकरी सांगतात. मोबाईलवर “यवतमाळ १६ अंश” लिहून येतं, ते तुमच्या नाल्याकाठच्या तुरीचं तापमान नव्हे.

हवामान खात्याचा तापमापक कुठं असतो माहीत आहे? पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर. पेटीचं दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन आत जात नाही. हवा खेळते, ऊन लागत नाही. ही पेटी काढली थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरनं. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा स्टीव्हन्सन त्याचाच मुलगा. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं. देशभर सकाळी साडेआठला एकाच वेळी नोंद होते आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊसही तेव्हाच मोजतात.

ही नोंद चार फुटांवरची. मग अगदी जमिनीलगत काय? सगळी पुस्तकं सांगायची की रात्री जमीन सगळ्यात गार आणि वर जावं तसं ऊबदार. मीही तुम्हाला आत्तापर्यंत हेच सांगितलं. पण एका माणसानं जमिनीपासून बोट-बोट अंतरावर तापमान मोजून पाहिलं.

ते एल. ए. रामदास. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. पुण्याला हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ मध्ये त्यांच्याच हाताखाली सुरू झाला. त्याच वर्षी त्यांनी आणि आत्मनाथन यांनी छापलं की उघड्या मातीवर, शांत निरभ्र रात्री, सगळ्यात गार हवा जमिनीला टेकलेली नसते. ती वीत-दोन वीत वर असते, आणि कधीकधी मातीपेक्षा दोन-चार अंशांनी गार. जगातल्या अनेकांना हे खरं वाटेना. गार, जड हवा गरम जमिनीवर तरंगत राहीलच कशी? मोजण्यात काही चुकलं असेल, असं म्हटलं गेलं. पुढे राश्के नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं पुण्यातच पुन्हा मोजलं, आणि १९५७ मध्ये छापलं की रामदास बरोबर होते. आता त्या थराला जगभर रामदास थर म्हणतात.

कारण शोधायला मात्र आणखी कितीतरी वर्षं लागली. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातले के. आर. श्रीनिवास आणि त्यांचे सहकारी सांगतात की जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे धुळीचे आणि ओलाव्याचे बारीक कण स्वतःच आभाळाकडे उष्णता फेकतात. मातीला खालच्या थरांतून ऊब मिळत राहते, या कणांना ती मिळत नाही. म्हणून ते मातीपेक्षा जास्त निवतात आणि भोवतालची हवाही निववतात. म्हणजे आपली थंडी नुसती मातीत नाही, मातीवर तरंगणाऱ्या धुळीतही तयार होते.

हा थर स्वतः मोजून पाहायला सोयाबीन सोंगून मोकळं झालेलं वावर उत्तम. गवत किंवा पीक असेल तर हा थर असा दिसत नाही, माती उघडीच हवी. एका काठीला तीन तापमापक बांधा: एक मातीला जवळजवळ टेकलेला, दुसरा दीड वितीवर, तिसरा छातीएवढ्या उंचीवर. वारा असेल त्या रात्री घरीच राहा, कारण वारा सगळे थर ढवळून टाकतो.

रोज वहीत लिहा: पहाटेचा पारा, वारा कोणत्या दिशेचा, दव होतं की नाही, धूर आडवा पसरला की सरळ गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे महिने. तिकडे आंध्रच्या किनाऱ्याजवळ काही शिजलं की त्याचे उंच ढग कधीकधी आपल्यापर्यंत येतात. पहाटेचा पारा एका रात्रीत तीन-चार अंश वर, खाटेवरचा बोळा कोरडा, धुराचा पट्टा नाही, असं एकाच सकाळी दिसलं तर मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा उघडून पाहा. इशारा असेल, तर फुटलेली बोंडं त्याच दिवशी वेचून घ्यायची, बायांना सकाळीच निरोप धाडायचा आणि ओसरीतल्या कापसावर ताडपत्री टाकायची.