पाणथळ भूमीची पारख

मुंबईच्या पूर्व उपनगरांपैकी मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर यांच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. पश्चिमेकडे बोरिवलीच्या बाजूस गोराईची खाडी आहे. या खाड्यांच्या काठी खारफुटीची दाट वने, चिखलाची मैदाने आणि मिठागरे पसरलेली आहेत. मुंबईत जागेची टंचाई मोठी. त्यामुळे अशा ठिकाणी एखादी मोकळी जमीन आढळली, की तेथे इमारती उभारण्याची योजना पुढे येते. राहावयास घर हवे, ही माणसाची गरज खोटी नव्हे. परंतु पाया खोदण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते : ही जमीन खरोखर मोकळी आहे, की ती पाण्याची जागा आहे?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वैशाखात जिला भेगा पडतात, तीच जमीन श्रावणात गुडघाभर पाण्याखाली असते. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या नियमांनुसार पाणथळ भूमी नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमची वा हंगामी, गोड्या वा खाऱ्या पाण्याची असू शकते. नदीचे पात्र, भातखाचरे व मिठागरे मात्र त्या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणून एका दिवसाच्या पाहणीने निर्णय होत नाही. निरनिराळ्या ऋतूंत जागेवर जावे लागते.

पारख करणारा प्रथम पाणी पाहतो. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास समुद्राला उधाण येते. त्या वेळी भरतीचे पाणी कोठवर चढते, याची तो नोंद करतो. पाणी येत नसेल, तर ते कशाने अडले, हेही शोधावे लागते. ओहोळाचे तोंड बांध घालून किंवा राडारोडा टाकून बुजविलेले असेल, तर कोरडेपणा हा त्या जमिनीचा स्वभाव नव्हे; ती तिच्यावर लादलेली अवस्था होय.

त्यानंतर वनस्पती पाहाव्यात. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात. चिप्पी, कांदळ, मारांडी ही झाडेही खाऱ्या पाण्याची साक्ष देतात. झाडे तोडली गेली असली, तरी खुंट व मुळे मागे राहतात. मातीही बोलकी असते. हातभर खोल खड्डा खणला असता करडा चिखल, त्यात तांबूस रेषा आणि कुजक्या अंड्यासारखा दर्प आढळला, तर तेथे पाणी दीर्घकाळ साचून राहते व मातीला हवा मिळत नाही, असे समजावे. रोहित पक्ष्यांचे थवे हा पुरावा पूरक होय. कारण ते स्थलांतर करणारे पक्षी असून बाराही महिने तेथे दिसत नाहीत.

अखेरीस कागदपत्रे तपासावयाची. जुने नकाशे व उपग्रहाने टिपलेली चित्रे ताडून पाहिली, की जमिनीचे पूर्वीचे रूप कळते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील केंद्राने देशातील पाणथळ जागांचे नकाशे तयार केले आहेत. त्यांत २.२५ हेक्टरांहून लहान जागा केवळ ठिपक्यांनी दाखविल्या आहेत. म्हणून नकाशाला प्रत्यक्ष पाहणीची जोड हवीच.

जागा पाणथळीच्या व्याख्येत न बसली, तरी ती आपोआप बांधकामास मोकळी होत नाही. किनारपट्टीचे नियम तिला लागू होऊ शकतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ सालच्या निकालात ती कायम केली. खारफुटीभोवतीच्या ५० मीटरांच्या पट्ट्यालाही हे संरक्षण आहे. मग जमीन सरकारी असो वा खाजगी. पुढे ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत हाहाकार उडाला. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात उतरू शकत नाही. ते थांबावयास जागा लागते. ती जागा भरावाने बुजविली, तर पाणी नाहीसे होत नाही, ते वस्तीत शिरते. म्हणून पाणथळ भूमीची प्रामाणिक पारख करणे म्हणजे केवळ झाडापक्ष्यांची काळजी वाहणे नव्हे. त्या जमिनीवर उद्या जे घर बांधतील, त्यांचे आणि शेजारच्या सखल वस्तीत आज जे राहतात, त्यांचेही हित त्यातच आहे.