हळदीची पट्टी

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून टिपकागदाला लावा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. वाट्यांत लिंबाचा रस, साबणाचे पाणी, खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि चुन्याची निवळी घ्या. पट्टी बुडवण्याआधी मुलांना अंदाज लिहायला लावा. खरी गंमत तिथेच आहे.

लिंबात पट्टी पिवळीच राहते, निवळीत लाल होते. हळदीतल्या कर्क्युमिनचा रेणू आम्लारीत हायड्रोजन आयन गमावतो, म्हणून रंग पालटतो. लाल पट्टीवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी! हळदीचे पारंपरिक कुंकूही चुन्यासारख्या आम्लारीमुळेच लाल होते.

मात्र लिंबू आणि साधे पाणी यांतला फरक हळद दाखवत नाही. त्यासाठी पुढच्या तासाला लाल जास्वंदीची फुले मागवा.